रिकाम्या पारड्याचा काटा

प्रिय मोजणीबाई,

हे नाव वाचून तू हसशील की रडशील, मला सांगता येत नाही. बाबांशिवाय तुला या नावाने कुणी हाक मारत नव्हतं आणि ते गेल्यापासून कुणी मारलीही नाही. आज मी मुद्दाम मारली, कारण जे लिहायचंय ते त्यांच्याबद्दलचं आहे. फोनच करणार होते. पण फोनवर तू म्हणतेस, "आई, मीटिंगमध्ये आहे," आणि मी म्हणते, "बरं बरं, वेळेवर जेवत जा." ते गेल्यापासून आपलं बोलणं एवढ्यावरच आलंय. पत्राला निदान मीटिंग आडवी येत नाही.

आधी इकडची खबरबात. वरच्या खोलीचं छत गळत होतं ते दुरुस्त करून घेतलं. गवंड्याने दोन दिवस सांगून आठवडा लावला आणि जाताना जिन्यावर सिमेंटचे ठसे सोडून गेला, ते मी अजून घासतेय. मावशी आता काठीशिवाय चालते. गुडघा नवा मिळाला, जीभ मात्र जुनीच आहे. तू टीव्हीवर दिसलीस की तिचा लगेच फोन येतो, पोरगी वाळली, तुझं लक्ष कुठे असतं म्हणून. जसं काही मी टीव्हीत हात घालून तुला भरवणार आहे. बाकी टीव्हीवर सध्या तुमच्या आकड्यांशिवाय दुसरं काही नसतंच. चौकशी समिती बसल्यापासून तर रोज चार माणसं चार चौकटींत बसून भांडतात. एक म्हणतो सरकारने रुग्ण लपवले, दुसरा म्हणतो साध्या सर्दीलाही साथीत मोजून आकडा फुगवला. बेकरीच्या रांगेतही तेच. परवा माझ्या पुढचा आणि मागचा अशा दोघांची चांगलीच जुंपली होती, एकमेकांची अक्कल काढून झाली. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि दोघेही गप्प झाले. तुझी आई म्हणून मला हल्ली पाव लवकर मिळतो, पण बोलायला कुणी मिळत नाही.

बाबा असते तर रांगेतून हललेच नसते. दोघांनाही धरून बसवलं असतं. तुला आठवतं ना, साथीच्या सुरुवातीला त्यांचं आणि सलूनवाल्या काकांचं कसं चालायचं? दोघांची मैत्री तुझ्या जन्माआधीची, आणि भांडणही तेवढंच जुनं. काका म्हणायचे, सगळे आकडे खोटे, वरून ठरवून येतात. बाबा म्हणायचे, माझी मुलगी सांगते तो आकडा खोटा असेल तर माझी अर्धी मिशी उतरव. गालाला साबण फासलेला, गळ्याभोवती पांढरं कापड आणि हा माणूस बोट नाचवत सरकारची बाजू लढवतोय. काका वस्तरा वर धरून सांगायचे, साहेब, आधी मान स्थिर ठेवा, नाहीतर उद्याच्या आकड्यात तुमचीच भर पडेल. सगळं सलून हसायचं.

त्यांना तुझा केवढा अभिमान होता, हे त्यांनी तुला कधी सांगितलं नसणार. माझ्यापाशी मात्र थांबत नव्हते. तू संध्याकाळी सरकारतर्फे दिवसाचे आकडे सांगायला पडद्यावर आलीस की आवाज मोठा करायचे, खिडकी उघडी ठेवायचे, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जावं. म्हणायचे, ही विद्या तिला माझ्याकडून मिळाली. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. वजनमापाच्या नोकरीत त्यांनी आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले. सुट्टीच्या दिवशी तुला बरोबर न्यायचे. कुठल्याही दुकानात गेले की वजनं नंतर, आधी रिकामं पारडं बघायचे. तुला म्हणायचे, शून्य खरं असेल तरच पुढचं सगळं खरं. मग तू काट्यासमोर उकिडवी बसायचीस, एक डोळा मिटायचीस. त्यांच्याच मित्राच्या किराणा दुकानात एकदा तू भर गर्दीत ओरडली होतीस, "बाबा, काटा हललाय!" पारड्याखाली मेण चिकटवलेलं निघालं. मित्राचं तोंड उतरलं, बाबांचंही उतरलं, पण त्यांनी दंड केलाच. आणि घरी येताना तुला सगळ्या रस्त्याने खांद्यावर बसवून आणलं. तो मित्र पुढे कितीतरी दिवस आपल्याशी बोलत नव्हता आणि आपल्याला साखर लांबच्या दुकानातून आणावी लागायची. मी कुरकुर केली की बाबा म्हणायचे, लांबची साखर जास्त गोड लागते.

मग ते दिवस आले. त्यातलं काही तुला माहीत आहे, तरी ओळीने लिहिते, नाहीतर माझाच धागा सुटेल. मावशीच्या ऑपरेशनसाठी मी तिच्याकडे गेले आणि मागे रस्ते बंद झाले. बाबा घरी एकटे. आपल्या गावात मात्र नवे रुग्ण कमी कमी होत एकदाचे थांबले, आणि तू रोज आपल्या गावाचं नाव घेऊन शून्य सांगायला लागलीस. हे शून्य काही दिवस टिकलं तर गावाचे रस्ते खुले होणार होते. रोज फोनवर मी बाबांना एकच विचारायची, कधी उघडणार हो? मला घरी यायचंय. ते म्हणायचे, आता थोडेच दिवस, तुझी मुलगी शून्य सांगतेय ना. मग एक दिवस त्यांचा आवाज बसल्यासारखा वाटला. म्हणाले, थंड पाणी प्यायलो. मी चार शब्द सुनावले आणि विसरून गेले.

पुढे काय झालं ते तुलाही कळवलंच होतं. एक दिवस सकाळी सलूनवाले काका डबा द्यायला आले तर हाकेला उत्तर नाही. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. आपले नेहमीचे डॉक्टर आले, दारातूनच बघितलं. हृदयाचं जुनं दुखणं त्यांना ठाऊक होतं, गोळ्या त्यांनीच लिहून दिलेल्या. त्यांनी हृदयविकार लिहिला. तपासणीचं कुणाच्या मनातही आलं नाही. गावात रोगच नव्हता, मग तपासायचं कशासाठी? मी पास काढून पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तुला तर येताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या खुर्चीत बसून टीव्ही लावला. तू आलीस, डोळे सुजलेले, आवाज मात्र सरळ. आपल्या गावाचं नाव घेतलंस आणि शून्य म्हणालीस. मला वाटलं, हे ऐकायला ते हवे होते.

त्यानंतर एक गोष्ट बदलली, तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. सलूनवाल्या काकांनी आकड्यांवर बोलणं सोडलं. गिऱ्हाईकाने विषय काढला तर रेडिओ मोठा करायचे. सलून उघडायला परवानगी मिळाली तरी सुरुवातीचे काही दिवस त्यांनी ते बंदच ठेवलं. कुणी म्हणालं खोकला झालाय, कुणी म्हणालं मित्र गेल्याचं मनाला लावून घेतलंय. मलाही तेच वाटलं. भांडायला माणूस उरला नाही की भांडण कुणाशी करणार, असं मी मनाशी म्हटलं. मला त्यांची कीव आली होती गं.

आता गेल्या आठवड्यातलं. तुझी मुलाखत लागली होती. मुलाखत घेणारा तुला घेरत होता आणि तू त्याला पुरून उरत होतीस. मग तू म्हणालीस, माझ्या स्वतःच्या गावाचं उदाहरण घ्या, तिथे शून्य सांगितलं तेव्हा शून्यच होतं, तिथलं घरन्घर मी ओळखते. हेच समितीपुढे शपथेवर सांगेन. मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. काका उभे होते, अंगावर कामाचा कोट, हाताला साबण तसाच. एका गिऱ्हाईकाला अर्ध्या दाढीवर बसवून आले होते. मला वाटलं, तुझी मुलाखत बघून कौतुक करायला आलेत. ते खुर्चीत बसले, बाबांच्याच, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

त्यांनी सांगितलं ते असं. तेव्हा साथीच्या बंदीमुळे सलून बंद होतं, म्हणून ते घरी येऊन बाबांची दाढी करायचे. त्यांचं ते दाढीनंतरचं उग्र पाणी आठवतं? बाबा दरवेळी त्याला नावं ठेवायचे, फिनेल बरं म्हणायचे. त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. काकांनी बाटली नाकाखाली धरली. बाबा म्हणाले, कालपासून कसलाच वास येत नाही. काका म्हणाले, चला, आत्ता शाळेतल्या तपासणी केंद्रात जाऊन तपासून घेऊ. बाबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, शून्याला थोडेच दिवस उरलेत, मी जाऊन माझ्याच मुलीचं शून्य मोडू? आणि रस्ते उघडले की तुझी वहिनी घरी येईल, दोन महिने झाले तिला जाऊन. तेवढं होऊ दे, मग तू म्हणशील तिथे येतो. मग त्यांनी काकांना बाहेर काढलं, दाराला कडी लावली, डबा खिडकीतून घ्यायला लागले. दुसऱ्या कुणाला बाधू नये एवढी काळजी घेतली. स्वतःची तेवढी घ्यायची राहिली. काका रोज खिडकीशी उभे राहून विनवायचे. एकदा बाबा हसले आणि म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांचे काटे धरले, आता स्वतःच पारड्याखाली मेण लावून बसलोय. आणि काकांकडून शब्द घेतला, कुणाला सांगणार नाही म्हणून.

काकांनी तो पाळला. विचार कर, सगळ्या गावात आकडे खोटे म्हणून ओरडत फिरणारा हा माणूस. त्याच्या हातात पुरावा होता आणि त्याने तोंड शिवून घेतलं. स्वतःला खोकला झाला तेव्हा त्यांनीही तपासलं नाही, कारण तपासलं तर कुठून आला हे विचारलं असतं. घरात कोंडून घेतलं आणि नशिबाने वाचले. मला म्हणाले, वहिनी, मी त्यांना उचलून न्यायला हवं होतं. मी चहा ठेवला. तो उकळून उकळून आटून गेला.

तेव्हापासून मी रागावलेली आहे. काकांवर नाही. तुझ्या बाबांवर. एवढा शहाणा माणूस, आणि मुलीचा मान राखायला ही रीत सापडली! समोर असते तर असं झापलं असतं की आठवडाभर जेवण गोड लागलं नसतं. मग राग ओसरला की मला माझाच तो आवाज ऐकू येतो, कधी उघडणार हो, कधी उघडणार हो. म्हणून तुला आधीच बजावून ठेवते, हे सगळं आपल्या एकटीच्या डोक्यावर घेऊन बसू नकोस. तुला जसं वाटेल तसंच मलाही वाटतंय. दोघींनी मिळून ते उचलू.

खरं तर मी हे पोटात ठेवणार होते. तू इतकी वर्षं खपलीस, लोकांचे शिव्याशाप खाल्लेस, एकही आकडा मनाने लिहिला नाहीस, हे मला माहीत आहे. तुझ्यापर्यंत आलं ते तू खरंच सांगितलंस. तुझ्यापर्यंत आलं नाही ते आपल्याच घरात होतं. पण सोमवारी तू समितीपुढे हात वर करून आपल्या गावाचं शून्य खरं होतं म्हणणार, आणि ते खोटं आहे हे माहीत असताना मी घरी बसून ऐकायचं, हे मला जमणार नाही. तुझी नोकरी जाईल, ज्यांना तू आजवर पुरून उरलीस ते तुझ्यावर हसतील, हे सगळं मला दिसतंय आणि मला भीती वाटतेय. तरी मागते. साथीत गेलेल्या माणसांत तुझे बाबा कुठेही नाहीत. ते नसतीलच गेले असं तुझ्या आकड्यांना वाटतंय, आणि मला ते सहन होत नाही. त्यांना मोज. त्या दुकानात बसली होतीस तशी एकदा बस, कुणाच्या तोंडाकडे बघू नकोस, माझ्याही नाही, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांग की काटा हललाय.

वाट बघत असलेली,
तुझीच,
आई