कापसाच्या गंजीतला गडवा

प्रिय बाई,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिले होते. ते खोडून 'प्रिय' लिहिले. छत्तीस वर्षे मी मुलांना पत्रलेखन शिकवले. वडील बहिणीला काय लिहावे, पत्राचा शेवट कसा करावा, हे सारे फळ्यावर मांडले. पण जी व्यक्ती पत्र वाचण्यासाठी या जगात उरलेली नाही, तिला कोणता मायना लिहावा, हे कोणत्याही मुलाने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. 'प्रिय' हा शब्द तुझ्या हयातीत मी तुला एकदाही लिहिला नव्हता. म्हणून तोच राहू दिला.

परवा तुला जाऊन तीन वर्षे झाली. या तीन वर्षांत अनेकदा कागद पुढे ओढला आणि बाजूला सारला. मला तुझी क्षमा मागायची होती, आणि क्षमा मागायला समोर माणूस लागतो. आज मात्र लिहितो आहे, कारण परवा तुझ्या तिथीला तुझ्या घरी गेलो, मोहाचा पानगा खाल्ला आणि तुझ्या सुनेने मला अशी एक गोष्ट सांगितली की, अकरा वर्षांनी मी पुन्हा मोकळा श्वास घेतला. ती गोष्ट तुला ठाऊकच आहे. तरीही मी सविस्तर सांगणार आहे. मध्येच 'आटप रे मास्तर' म्हणू नकोस!

आपल्या लहानपणीचा पौष तुला आठवतो ना? ओसरीपासून आढ्यापर्यंत कापूस रचलेला असे. आपण त्याच्यावर झोपत असू आणि सकाळी तुझ्या केसांत इतका कापूस अडकलेला असे की, आई तुला म्हातारी म्हणे. त्या गंजीत आई एक पितळी गडवा, म्हणजे तांब्या, पुरून ठेवी. त्यात ओल्या फडक्यात बांधलेला गहू असे. तोंडावर वाटी पालथी घालून ती घट्ट बांधलेली असे. कापसाला पाण्याचा थेंब लागला तर बाबा घर डोक्यावर घेतील, म्हणून ही सारी खबरदारी! बाहेर कडाक्याची थंडी पडलेली असताना गंजीच्या पोटात मात्र ऊब असे, आणि तिसऱ्या दिवशी गव्हाला पांढरेशुभ्र मोड येत.

तो गहू वाळवून दळला की, पीठ जात्यातूनच गोड होऊन पडे. मग चैत्रात वेचून, केसर काढून, वाळवून ठेवलेली मोहाची फुले आई भाजून उकडी. ती कुटण्याचे काम तुझे आणि चाखण्याचे माझे. त्या चिकट गोळ्यात पीठ, चारोळी आणि चिमूटभर बोरकूट मिसळून, पळसाच्या पानांत दाबून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला तो पानगा! वरच्या कवचावर पानाच्या शिरा उमटलेल्या, आत काळसर, ओलसर, दातांना चिकटणारा गर. त्यावर लोण्याचा गोळा. टाळूला चिकटलेला घास जिभेने सोडवता सोडवता शाळेची वेळ होई आणि मी तोंड न उघडता हजेरी देई.

आई गेल्यावर तू तो वसा चालवलास. पांढरकवड्याजवळच्या तुझ्या सासरी कापूस होता, मोहाची झाडे होती आणि आईचा गडवाही तूच नेला होतास. दर पौषात यवतमाळच्या माझ्या घरी तू पानग्यांचा डबा घेऊन येत असस. दारातूनच हाक येई, "दत्तू, तुह्यासाठी आणलं पाय!" आणि मी सांगे, "बाई, 'तुझ्यासाठी' म्हणावे." त्यावर तुझे ठरलेले उत्तर असे, "तुह्यासाठी म्हटलं तं दुसऱ्याच्या तोंडात जाते काय रे पानगा?"

आता तो रविवार.

शाळेच्या वार्षिक अंकाची मुद्रिते तपासण्यासाठी मुख्याध्यापक आणि दोन सहकारी माझ्या बैठकीत बसले होते. तू दुपारच्या बसने आलीस आणि नेहमीप्रमाणे दिवाणावर डबा ठेवून झाकण उघडलेस. खोलीभर मोहाचा वास पसरला. आमचे चित्रकला शिक्षक वानखडे नाक वर करून म्हणाले, "काय मास्तर, आज भरदुपारीच बेत जमवला वाटते?" सगळे हसले. मुख्याध्यापकही हसले.

मी हसलो असतो तर काय बिघडले असते? एक पानगा मोडून वानखड्यांच्या हातावर ठेवला असता, तर तेच दुसरा मागत बसले असते! पण मला मोहाच्या दारूच्या भट्टीचे नाव माझ्या घराला चिकटलेले दिसले. मी म्हणालो, "बाई, हा डबा आधी येथून उचल. हे शिक्षकाचे घर आहे."

वाक्य निर्दोष होते. उच्चार स्पष्ट होते. तू झाकण लावलेस आणि "बरं" एवढेच म्हणालीस. आत ही तुला "वन्सं, जेवून तरी जा" म्हणून विनवत होती. तू दोन घास खाल्लेस आणि डबा काखेत धरून संध्याकाळच्या बसने परत गेलीस. मी तुला स्टँडवर पोहोचवायलाही आलो नाही. मुद्रिते तपासत बसलो.

त्यानंतर तू दरवर्षी येत राहिलीस. तुरीची डाळ आणलीस, अंबाडी आणलीस, ओंजळ ओंजळ बोरे आणलीस. पानगा मात्र पुन्हा कधीही आणला नाहीस. आठ वर्षे! आणि मी, जो मुलांच्या वहीतला एक राहिलेला काना सोडत नाही, त्याने आठ वर्षांत तुला एकदाही विचारले नाही की, बाई, पानगा का नाही? उत्तराची भीती वाटत होती. मग तू गेलीस आणि विचारण्याची सोयच राहिली नाही.

बस सुटते आहे, खिडकीशी तू बसली आहेस, मांडीवर डबा आहे आणि पदराने तू डोळे पुसते आहेस, असे चित्र मी अकरा वर्षे पाहत आलो. मी ते प्रत्यक्षात पाहिले नव्हते. मी स्टँडवर आलोच कुठे होतो? तरीही तुझ्या लुगड्याचा रंगसुद्धा मला सांगता आला असता.

परवा गजानन मला घ्यायला आला. तुझा लेक आता पुष्कळ गप्प झाला आहे. दारात पाऊल टाकले आणि थबकलो. ओसरी कापसाने आढ्यापर्यंत भरली होती! मी विचारले, "इतका कापूस घरात?" गजानन म्हणाला, "भावच नाही ना मामा. थांबून राह्यलो." एवढे बोलून तो पाणी आणायला गेला. ती गंजी पाहून मला झालेला आनंद त्याच्यासमोर दाखवायची लाज वाटली. हे वाईट दिवस आहेत, बाई. प्रत्येक घरात कोणीतरी असेच थांबून आहे.

तुझ्या सुनेने, वंदनाने, मला गंजीलगत पाट दिला. मग बाह्या मागे सारून तिने खांद्यापर्यंत हात कापसात घातला, जरा चाचपडली आणि आईचा गडवा बाहेर काढला! तोच! काठाला पोचा पडलेला, जो माझ्या हातून पडला होता आणि ज्याबद्दल मार तू खाल्ला होतास.

"हा दुसरा घाणा होय मामाजी," ती म्हणाली. "पयला कालच दळला. आज आईची तिथ, म्हणून पानगे लावले."

माझ्या तोंडून निघून गेले, "पण तिने तर हे सोडून दिले होते ना? माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळं?" ती गडवा हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिली. "काहून बाप्पा? माह्या लग्नाच्या सालापासून घरात कापूसच नाही चढला. अर्धा अळीनं खाल्ला, राह्यला तो वावरातूनच गाडीत जाय. गंजी नाही तं गहू कुठी उबवायचा?"

मला तू ओळखतेस. एवढ्यावर मी कसा थांबणार? मी तिला नीट विचारले. तो रविवार पौषातला आणि तिचे लग्न त्यानंतरच्या वैशाखातले. त्या लग्नात मी स्वतः मंगलाष्टके म्हटली आहेत, म्हणजे क्रमात चूक नाही. मग तिच्या लग्नानंतरच्या पौषात तू काय केलेस?

"करून पाह्यलं ना आईनं! एक नाही, तीन सालं," वंदना सांगू लागली. "पयल्या साली कुटारात, तुरीच्या भुशात पुरला गडवा. गहू आंबला. दुसऱ्या साली चुलीपाशी ठेवला, बुरशी आली. तिसऱ्या साली वाकळीत गुंडाळला, थोडेसे मोड आले. पानगे केले, तं कोरडे ठक्क, हातात घेतले का भुगा. मी म्हटलं, 'आई, न्या ना असेच मामाजीले.' तं म्हणे, 'नको वो माय. तो एका कान्यासाठी पोट्ट्यायले धा खेपा लिहायले लावते. असा फुसका पानगा पाह्यला तं मले नापास करन!'"

बाई! तू माझ्यावर रुसली नव्हतीस. तू मला घाबरली होतीस!

हसावे की डोके धरून बसावे, हे मला कळेना. त्या रविवारानंतर तीन पौष तू माझ्यासाठी गहू भिजवत होतीस, आणि मी तीन पौष तुझ्या पिशवीत पानगा शोधून, तो नाही असे पाहून, स्वतःला शिक्षा देत होतो. तू एवढे तरी का सांगितले नाहीस? 'दत्तू, यंदा गहू आंबला' हे चार शब्द! पण आंबलेला गहू माझ्यासमोर कबूल करणे म्हणजे काय, हे तुला लहानपणापासून ठाऊक होते. मीच तुला तसे शिकवले होते.

मी शेवटचा प्रश्न विचारला. तो विचारल्याशिवाय उठणे शक्य नव्हते. "वंदना, त्या दिवशी मी तिला डबा उचलायला सांगितला होता. त्याबद्दल ती काही बोलली होती?"

ती इतकी हसली की, हातातला गडवा पडतो की काय असे वाटले. "ते? अवो, ते तं दर संक्रांतीले सांगे! म्हणे, 'जोडमोहा गाव येईपर्यंत लय लागलं मले. डोयेही पुसले. मंग भूक लागली, मास्तराच्या घरी धड जेवलीच कुठी होती? डबा उघडला. साऱ्या बशीत वास! कंडक्टर म्हणे, मावशी, काय होय ते? एक त्याले देल्ला, एक डायव्हरले, मंग एका बाईच्या लेकराले. पांढरकवडा येईपर्यंत डबा रिकामा! अन् डायव्हर म्हणे, मावशी, तुमचा भाऊ येडा होय काय?'"

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणे, 'येडा नाही, लय शिकलेला आहे. पण पोट्टा चांगला आहे.'"

तू डोळे पुसलेस, हे खरे निघाले. त्यापुरते माझे चित्र बरोबर होते, आणि तेवढे माझ्याकडे राहील. ते मी खोडणार नाही. तू नंतर हसलीस म्हणून माझे वाक्य योग्य ठरत नाही. पण माझ्या चित्रातली बस अकरा वर्षे यवतमाळच्या स्टँडबाहेरच अडकून पडली होती. ती परवा जोडमोह्याच्या पुढे गेली! कंडक्टर बोटे चाटतो आहे, कोणाच्या तरी लेकराचे गाल माखले आहेत आणि तू डबा झटकून रिकामा करते आहेस. किती बरे वाटले, कसे सांगू?

मग पानगा आला. पळसाचे जळके पान सोलले, शिरा दिसल्या, वंदनाने लोणी ठेवले. घास टाळूला चिकटला. अडुसष्टाव्या वर्षी, निम्मे दात गेलेले असताना, मी पुन्हा जिभेने तो घास सोडवत बसलो. तीच ऊब, तोच गोडवा, बोरकुटाची तीच बारीक आंबट कळ. मध्येच दाढेखाली मोहाचे एक केसर आले. कडू. ते काढायचे राहून गेले होते. माझे तोंड उघडले... आणि वंदना माझ्या तोंडाकडे पाहत होती, अगदी निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीसारखी.

मी ते केसर गिळले. म्हणालो, "उत्तम झाला आहे." आणि बाई, मी खोटे बोललो नाही.

तिने सहा पानगे डब्यात बांधून दिले आहेत. आज रविवार आहे. चार वाजता वानखडे येतील; निवृत्तीनंतरही दर रविवारी आमचा चहा चुकत नाही. डबा बैठकीतल्या दिवाणावर, तू ठेवला होतास तेथेच ठेवला आहे. ते नाक वर करतीलच, म्हातारपणीही त्यांचे नाक शाबूत आहे. त्यांनी 'काय बेत?' असे विचारले की मी सांगेन, "मोहाचा पानगा. माझ्या बहिणीच्या हातचा." पानगा तुझ्या हातचा नाही, वंदनाच्या हातचा आहे, हे मला समजते. तरीही मी असेच म्हणणार आहे.

आणि एक वचन देतो. गजाननच्या कापसाला लवकर चांगला भाव येवो, त्याची ओसरी रिकामी होवो, पुढच्या पौषात तेथे बोंडभरही कापूस न उरो. मग गडवा मी येथे आणीन. तुझ्या वावरातल्या कापसाने भरून तू मला पाठवलेली रजई अजून माझ्याकडे आहे. गहू मी स्वतः भिजवीन, वाटी घट्ट बांधीन आणि गडवा त्या रजईत गुंडाळून ठेवीन. तीन दिवस मी जुन्या घोंगडीत कुडकुडेन, पण रजई उघडणार नाही. गहू आंबला, तर आंबल्याचे वंदनाला फोन करून सांगेन. पानगा कोरडा झाला, तर कोरडाच दिवाणावर ठेवीन आणि येईल त्याला वाढीन. या घरात पानगा आता नापास होणार नाही.

तुहाच,
दत्तू