दांडी डावीकडं ओढते

आप्पा, तुम्हाला हे सांगायचं राहून गेलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. सांगण्यासारखं काही आहे हेच मला गेल्या महिन्यापर्यंत कळलं नव्हतं. तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली. मी आता कारेगावात असते. एमआयडीसीच्या रस्त्याला लागून माझं छोटं दुकान आहे आणि त्यात मी व्हिडिओ गेमचे कंट्रोलर दुरुस्त करते. हसू नका. कंपन्यांतली पोरं एकेका खोलीत चौघं-पाचजणं राहतात, शिफ्ट सुटली की टीव्हीला यंत्र जोडून नाहीतर हातातल्या छोट्या यंत्रावर गेम खेळत बसतात. खेळताना दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरवर अंगठ्यानं फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या असतात. त्या झिजतात, आणि त्यांच्या झिजण्यावर माझं दुकान चालतं. मोटर रिवाइंडिंगवाल्याची लेक शेवटी झिजलेल्या वस्तूंकडंच आली म्हणा.

तुम्हाला यातलं लगेच कळलं असतं. दांडीच्या खाली नखाएवढी काळ्या कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून पत्र्याचं बारीक बोट घासत जातं. आपल्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात होतं तेच, फक्त लहान. दांडी सोडली की स्प्रिंग तिला मधोमध आणते. पण घासून घासून पट्टीला चर पडतो, स्प्रिंग कलते, आणि हात लावलेला नसतानाही यंत्राला वाटतं कुणीतरी दांडी ढकलतंय. मग पडद्यावरचा माणूस आपला आपण एका बाजूला चालत सुटतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. गेममध्ये सगळ्यांना पुढंच पळायचं असतं, म्हणून पुढची बाजू आधी जाते. हल्ली चुंबकावर चालणाऱ्या दांड्या निघाल्यात, त्यात काही घासतच नाही, त्या पुष्कळ टिकतात. आणखी एक सोपा उपाय आहे. सेटिंगमध्ये जाऊन यंत्राला सांगायचं, दांडी थोडीशी हलली तर लक्षच देऊ नकोस. पुष्कळ दुकानदार तेवढंच करून गिऱ्हाइकाला वाटेला लावतात. मी करत नाही. कुणी काही सांगत असेल तर ते ऐकू न येण्याची सोय करून ठेवणं मला आवडत नाही. 

आपल्या गावातलं, निमोण्यातलं तुमचं ते पत्र्याचं दुकान. वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची भेंडोळी, आणि दारात ट्रॉलीत पडलेली कुणाची तरी पाण्यातली मोटर. तुम्ही मोटरीकडं बघायचाच नाहीत. आधी तिच्या मालकाला समोर बसवायचात आणि म्हणायचात, "आवाज कसा करतीया, करून दाव." मग तो बिचारा, चांगला मिशीवाला बाप्या, तोंडानं घर्रर्र करायचा. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. "तसाच का? मदीच थांबतीया का सलग हाय?" तो पुन्हा घर्रर्र करायचा. मी आतल्या बाजूला तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसायचे. पण तिसऱ्या घर्रर्रला तुम्ही बेअरिंग गेलंय की वाइंडिंग ते सांगायचात आणि क्वचितच चुकायचात.

दहावीच्या सुट्टीत मांडवगणचा एक म्हातारा आला होता. तो सांगत होता की मोटर सुरू होताना झटका देते. मी शहाणी, त्याचं बोलणं संपायच्या आत मीटर लावून मोकळी झाले आणि म्हणाले, काही झालेलं नाही मोटरीला. तुम्ही त्याच्यादेखत मीटर माझ्या हातातून काढून घेतलात. "त्येला खोटं पाडाय बसलीयास का? मोटर त्येच्या हिरीवर हाय, त्येनं ऐकलीया. आदी मानसाला बोलू द्यावं. मीटर काय, मागनं बी लावता येतो." रागानं मी दोन दिवस दुकानात आले नाही. ती शिकवण मी पुढं जन्मभर पाळली, आप्पा. गिऱ्हाइकांच्या बाबतीत पाळली.

मग विहिरीवर मोटर ओढताना कप्पी निसटली आणि तुम्ही खाली गेलात. कमरेखालचं सगळं गेलं. दुकान बंद पडलं. शिरूरला एका शिबिरात बॅटरीची खुर्ची मिळाली, उजव्या हाताशी छोटी दांडी असलेली. पहिल्या दिवशी तुम्ही अंगणात तिला गोल गोल फिरवत होतात आणि आई पदर तोंडाला लावून रडत की हसत होती ते मला कळेना. त्यानंतर रोज सकाळी तुम्ही आंघोळ करून, टोपी घालून एसटीच्या थांब्याकडं निघायचात. आपल्या घरापासून तिथवरचा रस्ता उजवीकडं गटाराच्या बाजूला उतरता आहे, म्हणून तुम्ही दांडी जराशी डावीकडं दाबूनच धरायचात. थांब्याच्या शेडमध्ये तुम्ही बसलात की लोक ट्रॉली उभी करून तुमच्यापुढं घर्रर्र करायचे. तुम्ही बसल्या जागी सांगायचात आणि ते तशी मोटर दुसरीकडं दुरुस्त करून आणायचे. पाय गेले तरी तुम्ही गावाचे मिस्त्री राहिलात ते त्या दोन तासांमुळं. मला हे तेव्हाही दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणून मला सुटता येणार नाही.

दोनेक वर्षांनी तुम्ही म्हणायला लागलात की खुर्ची डावीकडं ओढते. अपघातापासून तुमच्या हाताला बारीक कंप होता, चहाचा कप बशीत वाजायचा. त्यामुळं कुणी काही तपासलंच नाही. मी दौंडला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकून आले होते, मीसुद्धा नाही.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. दौंडचे पाहुणे मला बघायला आलेत. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर ते बसलेत, स्वयंपाकघरात आई पोहे परततेय, खाली ताटात शेजारणीकडून आणलेल्या कपबश्या मांडून ठेवल्यात. तुम्ही पाहुण्यांसाठी पाणी मागायला दारात येता. खुर्ची आत येते, डावीकडं वळते आणि थेट ताटावर जाते. एवढा मोठा आवाज होतो की बाहेरचं बोलणं थांबतं. होणाऱ्या सासूबाई दारातून डोकावतात. मी नवी साडी सावरत उभी, आणि लाज झाकायला मला तुम्हीच सापडता.

"आप्पा, हात थरथरतोय तुमचा. कबूल का करीत न्हाई तुमी?"

"हात न्हाई गं. दांडी वढतीया डावीकडं."

"दांडीला काय जीव हाय का? तुमचाच हात हाय तिच्यावर."

सगळ्यांच्या देखत. तुम्ही उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरलात आणि त्याच्याकडं बघत राहिलात. तुम्ही त्या हाताकडं तसं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं की चार्जर जळाला. तुम्ही म्हणालात, "मग हितं आन की, मी बघतो." मी म्हणाले, शिरूरला दुरुस्तीला दिलाय. त्यानंतर गावातलं कुणीही शिरूरला निघालं की तुम्ही त्याला हाक मारून चार्जरचं विचारायला सांगायचात, आणि मी त्या माणसाला बाहेर गाठून विचारू नका म्हणून सांगायचे. लग्न होऊन मी दौंडला गेले. एक-दोघं घरी येऊन तुमच्यापुढं घर्रर्र करून गेले म्हणे, मग तेही यायचे थांबले. मी माहेरी आले की तुम्ही खाटेवर भिंतीकडं तोंड करून असायचात. पाठीला जखमा झाल्या. दीड वर्षात सगळं आटोपलं.

गेल्या महिन्यात दुपारी दोघं मित्र दुकानात आले, बिहारकडचे, कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये काम करणारे. एकाच्या हातात कंट्रोलर. दुसरा हसत म्हणाला, "दीदी, इसका हाथ काँपता है. हारता है और मशीन को गाली देता है." पहिला अगदी रडकुंडीला आला होता. "मैं छू भी नहीं रहा दीदी, अपने आप बायें जाता है. कोई मानता ही नहीं." मी कंट्रोलर टीव्हीला जोडून टेबलावर ठेवला. कुणाचाच हात त्याच्यावर नव्हता. पडद्यावरचा माणूस आपला आपण डावीकडं चालत गेला आणि भिंतीला लागून जागच्या जागी पाय हलवत राहिला. हसणाऱ्याचं हसू गेलं. पहिला म्हणाला, "देखा? दो महीने से बोल रहा हूँ." असले शेकडो कंट्रोलर माझ्या हातून गेलेत, आप्पा, आणि एकदाही तुम्ही आठवला नाहीत. की मी आठवू दिलं नाही, कोण जाणे. त्या दिवशी मात्र मी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं.

रविवारी निमोण्याला गेले. खुर्ची मोटरीच्या खोलीत पोत्याखाली होती. दांडीची डबी खोलायला गेले तर चारही स्क्रूची डोकी आधीच खरवडलेली. आत काळी पूड सांडलेली, डाव्या बाजूची पट्टी पार झिजलेली, स्प्रिंग तिकडंच कललेली. आणि स्प्रिंगच्या त्या बाजूला तांबूस कागदाची एक घडी बसवलेली होती. वाइंडिंग करताना खाचेत घालतात तो कागद, कात्रीनं नीट कापलेला आणि कोपरा दुमडलेला, जसा तुम्ही दुमडायचात. मी मीटर लावला. दोन्ही बाजूंची मापं जवळजवळ सारखी आली. दांडी मधोमध होती. थरथरत्या हातानं तुम्ही एवढी बारीक घडी बसवली होती.

आई दारात येऊन उभी राहिली. "त्ये व्हय? भाजी चिरायची सुरी दिली हुती मी त्येंला. तुजं लगीन व्हायचं हुतं अजून. मला म्हनले, झाली बग नीट, आता चार्जर तेवडा येऊ दे."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. तू म्हनलीस, आप्पांचं काय घेऊन बसलीयास."

मला हे आठवत नाही. पण आई खोटं कशाला बोलेल? मी तसं म्हणाले असणार. त्यानंतर महिनोन्महिने तुम्ही नीट केलेल्या खुर्चीपासून दोन हातांवर पडून होतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिरूरची खबर विचारत होतात.

हे मी दुकानातल्या जॉबकार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. लिहून झालं की माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवणार आहे. चार्जर तिथंच आहे. तो जळाला नव्हता, आप्पा. लग्नाच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली तो दौंडला गेला, तिथून माझ्याबरोबर इकडं आला. टाकून द्यायचा धीर कधी झाला नाही, का ते तेव्हा कळत नव्हतं. काल पिन लावून बघितली, हिरवा दिवा लगेच लागला. निमोण्यातून निघताना आई म्हणत होती, त्या शिरूरच्या दुकानदाराचं कधी भलं व्हायचं नाही, चार्जर गिळून बसला मेला. मी मान हलवली आणि गाडीला किक मारली.