दोनदा बंद केलेला तिसरा धडा

भोकरदन, ५ नोव्हेंबर २००६

ती. प्रभावती आत्याबाई,

सप्रेम जयभीम. गुडघ्याला आता उतार पडला असेल. तरी शेक बंद करू नका. वाटूरच्या सगळ्यांना मी विचारलं म्हणून सांगा.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. यंत्र बिघडल्यामुळे तुमचं बोलणं शाळेत ऐकू गेलं, असं मी लिहिलं होतं. यंत्र बिलकुल बिघडलं नव्हतं. मुलांसाठी दातांचा तिसरा धडा तुमच्या आवाजात भरून झाल्यावर, माइक चालू असतानाच, तुम्ही विचारलंत ना, "मंग तुझे रामकिसन सर अजून खुर्चीत घोरूनच राह्यले का?" ते वाक्य न कापताच मी धडे बंद केले. (आमच्या पाच जुन्या संगणकांत जागा नाही, म्हणून सगळे धडे एका आज्ञेने दाबून एकाच फाइलीत बसवते. मुलांना ते वाचता येतात, ऐकता येतात, खोडता येत नाहीत.) दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, वाक्य कापलं आणि त्याच नावाने फाइल पुन्हा बांधली. जुनी गेली असं मी धरून चालले. पण मेक-स्क्वॉश-एफएस ही आज्ञा जुनी फाइल दिसली की ती टाकत नाही, नवा माल तिच्यातच भरते. नको असेल तर 'नो-अपेंड' लिहावं लागतं, आणि ते माहितीच्या पानावर छापलेलं होतं. तुम्ही घरी शिकवताना पूर्ण वाचल्याशिवाय पान उलटू देत नव्हतात. मी अर्धंच वाचलं.

संगणक खोलीच्या उद्घाटनाला सगळे धडे दोन-दोन निघाले, दातांचा तिसराही. यातलं अक्षरही कोणाला पुसता येणार नाही, असं मी पालकांना नुकतंच सांगितलं होतं. मुख्याध्यापक म्हणून रामकिसन सरांनीच त्या दोन तिसऱ्यांतला पहिला उघडला. सगळी खोली ऐकत होती. मग त्यांनी तीनदा डिलीट दाबलं, माउस खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, काम पक्कं केलंत."

इथवर ठीक होतं. त्यानंतर मी त्यांना म्हटलं की आत्याबाईंना थट्टेची सवय आहे, मी असं कधी बोललेच नाही. (घोरण्याचं मीच सांगितलं होतं, दोनदा, आवाज काढून.) सरांनी बक्षीस समारंभाच्या पाहुण्यांतून तुमचं नाव काढलं. आणि तुम्ही पत्रात विचारलंत, समारंभाला पांढरी साडी नेसू की निळी.

तुमची भाची

ता. क. धडे नव्याने बांधले. या वेळी पान पूर्ण वाचलं.

ता. क. सरांना खरं सांगणार आहे. एकटीने जमणार नाही. पहिल्या गाडीने येऊन त्यांच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहाल का? बोलू नका, नुसत्या उभ्या राहा. निळी नेसा. सोमवार, १३ नोव्हेंबर, परिपाठ संपल्यावर.