विमानाचं बटण

बाबा,

त्या दिवशी मुरबाडच्या माळावर जे घडलं, ते आधी क्रमानं लिहिते.

१. विमानाचं इंजिन मी सुरू केलं.
२. विमान हातात धरून तुम्ही धावलात आणि ते हवेत सोडलंत.
३. सोडताना तुमचा पाय गुरांच्या खुरांनी पडलेल्या, वाळून कडक झालेल्या खळग्यात गेला. तुम्ही पडलात.
४. विमान पडलं नाही.
५. पडल्या जागेवरून तुम्ही ओरडलात, "अगं, बटण घे!"
६. बटणापासून मी आणि मावशी सारख्याच अंतरावर होतो. बटण मावशीनं घेतलं.

इथपर्यंत फक्त घडलेलं आहे. माझं म्हणणं पुढे आहे.

आई गेल्यावर तुम्ही मुरबाडहून लग्न करून जिला आणलंत, तिला मी मावशी म्हणायचं हे तुम्हीच ठरवलंत. बायकोला नावानं हाक मारायची नाही ही आपल्या घरची रीत. आई होती तोवर ती 'अगं' होती आणि मला माझं नाव होतं. मावशी आली, ती 'अगं' झाली, आणि हळूहळू मीही 'अगं' झाले. तिला नाव नाही आणि मला आहे, हे तिच्यासमोर तुम्हाला अवघड वाटत असावं. शहापूरच्या आपल्या दुकानात पुढे रेडिओ आणि मागच्या बाजूला भातगिरण्यांची इंजिनं दुरुस्तीला यायची. तिथून तुम्ही "अगं, पाना आण" म्हणालात की घरात आम्ही दोघी उठायचो. एकदा मावशी दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कंची अगं पायजे? जुनी का नवी?" तुम्ही खूप हसलात. पाना मी आणून दिला.

विमान तुम्ही वर्षभर बांधत होता. पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक, मध्ये बारीक खांब, वर ताणून बसवलेलं रेशमी कापड. लष्करात तुम्ही वायरलेसचे मेकॅनिक होता. तिथल्या मोडीतल्या व्हॉल्व्हांतून तुम्ही रेडिओची पेटी केली. जमिनीवर ठेवायची पेटी, तिला उंच एरियल आणि वायरच्या टोकाला एकच बटण. दाबून धरलं की शेपटीचं सुकाणू उजवीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की डावीकडे. मागच्या वेळी ते कुठे वळलं होतं, हे उडवणाऱ्यानं ध्यानात ठेवायचं. ते माझ्या ध्यानात राहिलं असतं. हे तुम्हालाही माहीत होतं.

इंजिनाची निवड मात्र तुम्ही माझ्यावर सोपवलीत. बाकावर दोन इंजिनं शेजारी शेजारी आहेत. एक हलकं, झपाट्यानं फिरणारं, स्पिरिटवर चालणारं. दुसरं अडीच सीसीचं डिझेल, वजनदार, सावकाश. तुम्ही म्हणता, "निवड. पण कारणं सांग." मी सांगते. दोन जोड्या पंखांना हवेचा अडथळा जास्त, म्हणून नाकावरचा मोठा पंखा सावकाश फिरवणारं इंजिन हवं. या विमानाचं नाक आखूड, त्यामुळे पुढे वजन लागणारच. ते शिशाचं घालण्यापेक्षा इंजिनाचं असावं. शिवाय दारूबंदीत स्पिरिट मागायला गेलो तर आधी पोलीसपाटील विचारणार. या छोट्या डिझेलला रॉकेल, एरंडेल आणि ईथर यांचं मिश्रण लागतं; पहिली दोन घरात आहेत, ईथर डॉक्टर देतील. तुम्ही मान हलवता. तेवढ्यात मावशी चहा घेऊन येते आणि दोन्ही इंजिनांकडे बघून म्हणते, "बाप-लेक मिळून इंजान निवडता का जावई?" तुम्ही असे हसता की हातातला चहा बशीबाहेर जातो. माझ्या कारणांवर तुम्ही मान हलवली होती. चहा सांडला नव्हता.

विमान उडालं त्या दिवशी मी पंख्याला बोटानं झटका दिला आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. वरचा स्क्रू थोडा आवळला, आवाज साफ झाला. पुढचं वर लिहिलंच आहे. तुमची हाक आली तेव्हा मी लगेच का धावले नाही, ते लिहायचं राहिलं. तुम्ही कुणाकडे बघताय हे मी बघत होते. तुम्ही वर, विमानाकडे बघत होता. तेवढ्यात मावशीनं पदर खोचून बटण उचललंही.

"आता काय करू?"

"दाब! धरून ठेव!"

"कंच्या बाजूला वळंल?"

"मागल्या वेळी कुठं वळलं?"

"मागली येळ कुठली? आत्ताच तर हातात घेतला!"

जमिनीवर पडल्या पडल्या तुम्ही हसत होता. विमान मोठं वळण घेऊन आमच्याकडे तोंड करून आलं. समोरून येणाऱ्या विमानाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं चुकीचं दाबलं आणि विमान सागाच्या झाडांकडे निघालं. "अगो बाय!" ती ओरडली, सोडलं, परत दाबलं, आणि ते परत फिरलं. चुकली आणि हसली. तिच्या जागी मी असते तर चुकले नसते. तुम्हीही हसला नसता. मी दोन्ही गोष्टींची खात्री देऊ शकते.

तेल संपलं तसं इंजिन थांबलं आणि विमान तरंगत करवंदीच्या जाळ्यांपलीकडे गवतात उतरलं. खालचा एक पंख मोडला. मावशी ते दोन्ही हातांत घेऊन आली. "आमच्या म्हशीपरीस गुणाचा हाय," ती म्हणाली. "ती एवढ्यांदा सांगून वळत नाय." तुम्ही डोळे पुसलेत. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "इंजिन चांगलं निवडलंस." वाक्यात काही चूक नव्हती. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, त्यामुळे विमान पुन्हा उडालं नाही आणि बटण कुणाचं, हे ठरायचं राहून गेलं.

मला तिचा हेवा वाटतो. तुमच्या दुसऱ्या लग्नाचा नाही, घराचा नाही. त्या काही मिनिटांचा.

आता मी वाशिंदच्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढते. मावशी मुरबाडला माहेरी असते. मागच्या रविवारी ती माझ्या खोलीवर आली, वालाच्या शेंगा घेऊन, आणि दुसऱ्या पिशवीत गोधडीत गुंडाळलेलं इंजिन. आतलं एरंडेल वाळून ते जाम झालं होतं.

"ह्या फिरत नाय," ती म्हणाली. "इमान मी आढ्याला टांगून जपलाय, कापड नवीन लावलाय. तू दुसरा इंजान निवड. तुला कळतं त्यातला. आपुन उडवू."

"आणि बटण?"

"बटान माज्याकडं. तुज्या बापानी मला दिलेला ना."

"तुला दिलेलं, हे कशावरून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग कुनाला?" एवढंच म्हणाली आणि शेंगा सोलायला बसली. तिला खरंच दुसरी शक्यता सुचली नव्हती. इतकी वर्षं मी जे मनात मोजत राहिले, ते तिच्या मनात एकदाही आलेलं नाही, याचाही मला हेवा वाटला.

तुम्ही जर तिला हाक मारली असेल, तर बटण तिचं आहे. मी इंजिन सुरू करीन आणि बाजूला उभी राहीन; ते मला नीट करता येतं. तुम्ही मला हाक मारली असेल, तर मी ते मागून घेईन. तिला वाईट वाटलं तरी मागीन. अर्धं तिचं, अर्धं माझं असं करता येणार नाही. बटण एकच आहे.

या पत्राला पत्ता नाही, म्हणून तिकीट लावलेलं नाही. एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. दुसरं इंजिन मी शोधलंच नाही. तेच कोमट रॉकेलमध्ये भिजवत ठेवलं होतं. काल ते सुटलं, आणि काल संध्याकाळपासून मी कारण नसताना त्याचा पंखा बोटानं फिरवते आहे.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी मुरबाडला जाणार आहे. हाक कुणाला होती, ते कृपया शनिवारपर्यंत कळवावं.