'लीव्ह' म्हणजे सोडणे

आप्पा, यंदा मी नॉर्वेची भाषा शिकले. तिथल्या वृद्धाश्रमांना नर्स हव्या आहेत, म्हणून सांगलीतली ड्यूटी संपली की मोबाइलवर क्लास करायचे. आई शेजारच्या कॉटवर. पॅरालिसिसनं तिची उजवी बाजू गेली आहे. मी चहा करायला उठले तरी डाव्या हातानं ओढणी धरते आणि विचारते, "कवा येशील?"

क्लासमध्ये 'लीव्ह' हे इंग्रजी क्रियापद निघालं आणि तुमची आठवण झाली. उंब्रजच्या शाळेत बाईंनी त्याचा अर्थ विचारला होता. मी उठून सांगितलं, "घरी येणे." सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "सोडून जाणे! डोकं घरी ठेवून आलीस का?" मी रडत घरी आले, तर तुम्ही युनिफॉर्मला इस्त्री करत होता. "बाईंचं बी खरं हाय," म्हणालात, "पर फौजीला इचार. लीव गावली म्हंजी घर." दुसऱ्या दिवशी आपण हायवेला एसटीची वाट बघत उभे आहोत. तुम्ही काळी ट्रंक टपावर चढवता, खाली उतरता, माझ्यापुढं वाकता. "आयला सोडू नगंस, पोरी." नंतर ट्रंक परत आली. तुम्ही नाही.

शिकवणाऱ्या नॉर्वेच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडं या क्रियापदाचं एका शब्दावर भागत नाही. नुसतं निघायचं असेल तर 'द्रा'. छत्री बसमध्ये राहिली तर 'लेग्गे इयेन'. एखादी गोष्ट करायचीच नाही, राहू द्यायची, तर 'ला वेरे'. आणि माणसाला कायमचं टाकून जायचं असेल तर 'फोरलाते'. मी मोठ्यानं पाठ करत होते, आई छताकडं बघत होती. आपल्याकडं सगळ्याला सोडणंच. तुम्ही हायवेवर सांगितलंत ते यातलं कुठलं सोडणं, ते विचारायचं राहूनच गेलं.

माझी निवड झाली. इस्लामपूरची मावशी म्हणाली, "माझ्याकडं ठेव की तिला. दोन वरसांचा तर प्रश्न हाय. का जलमभर हितंच कुजणार हायस?" आईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्या दिवशी ती जेवली नाही. काल मी नकार कळवला. आईला सांगितलं, तेव्हा तिनं वाटीभर भात मागून घेतला. मी भरवत होते, ती चवीनं खात होती.

मावशीला वाटतं, मी मायेपोटी राहिले. तसं नाही. निवडीच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, आईचं काय करणार? तिला मावशीकडं सोडून येईन, असं सांगायला गेले आणि तोंडून 'फोरलाते' गेलं. समोरची बाई हळूच म्हणाली, "याचा अर्थ तुम्ही तिला टाकून येताय असा होतो. चुकून म्हणालात ना?" मी हो म्हणाले, शब्द बदलला.

चुकून नव्हतं, आप्पा. गेले असते तर मी परत आले नसते. हे तुमच्यापर्यंत पोचणार असतं, तर लिहिलं नसतं.