डाव्या हाताची चिठ्ठी

सर, गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून तुमची सारखी आठवण येते आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मी आता जयपूरला एका विद्यापीठात तुमचाच विषय शिकवते, संख्याशास्त्र. पण शिकवण्याची साधनं तुम्ही पाहिली नव्हती तशी आहेत. तासाचं रेकॉर्डिंग पोर्टलवर चढवायचं, गृहपाठ तिथेच घ्यायचा, छोट्या चाचण्याही तिथेच. चाचणी मुलं घरून देतात आणि त्यांच्या फोनचा कॅमेरा त्यांच्यावर नजर ठेवतो. कॅमेऱ्याला खोलीत दुसरा चेहरा दिसला की त्या मुलाच्या नावापुढे लाल खूण येते. लाल खूण म्हणजे त्या चाचणीत शून्य. हा नियम मीच सुचवला होता. वाद नको, सगळ्यांना एकच न्याय, असं मीटिंगमध्ये म्हणालेही होते. या सत्रात सात मुलांना शून्य मिळालं आणि त्या यादीवर माझी सही आहे.

सत्र संपताना या सगळ्या डिजिटल साधनांबद्दल मुलांना काय वाटतं ते विचारायचं ठरलं. आकड्यांचं काम म्हणून ते माझ्याकडे आलं. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि शेवटी मनातलं लिहायला एक मोकळा चौकोन. फॉर्मच्या वर ठळक अक्षरांत एक ओळ मी स्वतः घातली : तुमचं नाव कोणालाही कळणार नाही. फॉर्म भरल्याशिवाय हॉलतिकीट निघत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांनी भरला. बहुतेकांनी वरपासून खालपर्यंत पाच, पाच, पाच. विभागप्रमुख खूश होते. "मैडम, एवरेज तो बढ़िया आ रहा है. बस दो पन्ने की रिपोर्ट बना दीजिए. चौकोर वाला हिस्सा छोड़िए, बच्चे तो कुछ भी लिख देते हैं."

सरासरी मी काढलीही होती. पण तुम्ही एकदा मला सगळ्यांसमोर झापलं होतं, ते आठवलं. दुसऱ्या वर्षाला असताना गावातल्या पाणीपुरवठ्याची पाहणी आम्ही केली होती आणि मी एका दुपारीत सगळे तक्ते करून आणले होते. तुम्ही फॉर्मचा गठ्ठा माझ्यापुढे टाकलात. "यातल्या एका बाईने काय लिहिलंय, सांग." मी एकही फॉर्म वाचला नव्हता. "आधी कागद वाच, मग बेरीज कर," म्हणालात आणि तक्ते परत दिलेत. त्या दिवशी मला रडू आलं होतं. आज मी ते वाक्य माझ्या मुलांना माझंच असल्यासारखं सांगते.

म्हणून मी चौकोन वाचायला बसले. नेट चालत नाही, रेकॉर्डिंगमध्ये फळा दिसत नाही, मॅडम फार भरभर बोलतात. आणि मग हिंदीत लिहिलेल्या या चार ओळी. कॅमेरा म्हणतो खोलीत दुसरं माणूस होतं. होतं. माझी आजी होती. आमची एकच खोली आहे आणि पाण्याचा मटका माझ्या पाठीमागे असतो. तिला तहान लागली तर मी तिला काय सांगू?

मी उठून स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा वाचलं. सातांपैकी ही एक कोण? आणि तेव्हा मला दिसलं की फाइलमध्ये पहिल्या रकान्यानंतर एकदम तिसरा आहे. नावांचा रकाना दडवलेला होता, पुसलेला नव्हता. दोनदा बोट दाबायचं, बस. सर, मी थांबले नव्हते असं नाही. चांगली दोन-तीन मिनिटं बसले होते. पण मी दाबलं.

ती माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलगी. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात वडील कामाला आहेत, तिथेच एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहतात. नाव कळल्यावर मी तिच्या चाचणीची चित्रफीत उघडली. लाल खुणेबरोबर दहा सेकंदांचा तुकडा मिळतो, तो सही करण्याआधी पाहायचा असतो. मी सातांपैकी एकही पाहिला नव्हता. तुकड्यात एक म्हातारी डोक्यावरची ओढणी सावरत येते, वाकते, लोट्यात पाणी घेते आणि जाते. मुलगी मान वळवूनसुद्धा बघत नाही. पेन चालूच असतं.

आता शून्य काढायचं कसं? एकटीचं काढलं तर तिला लगेच कळणार की नाव कळलं. म्हणून मी सातही जणांची चाचणी परत घ्यायची ठरवली, वर्गात, कागदावर. त्यातल्या एका तुकड्यात एक मित्र चक्क बोटांनी उत्तरं सांगताना दिसतो. त्यालाही बसवलं. विभागप्रमुख म्हणाले, "मैडम, आप ही का रूल था." मी म्हटलं, "हाँ सर, गलती मेरी है." हे बोलताना मला कळलं की शब्द तुमचे आहेत.

तुमचा तो रिवाज आठवतो का? दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास. तुम्ही अर्धे अर्धे कागद वाटायचात. शिकवण्यात काय खटकलं ते लिहा, डाव्या हाताने लिहा, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. चिठ्ठ्या खडूच्या रिकाम्या खोक्यात. मग तुम्ही उभ्याने एकेक मोठ्याने वाचायचात. माझ्या चिठ्ठीत होतं : सर फक्त पुढच्या दोन बाकांना शिकवतात, मागच्या मुली हजेरीपुरत्या आहेत. ती वाचून तुम्ही थांबता. चष्मा काढता, पुसता, परत लावता. कोणाकडेही बघत नाही. पुढची चिठ्ठी उचलता. सुट्टीनंतर तुम्ही बाकांची पाळी लावलीत, दर सोमवारी मागचे पुढे आणि पुढचे मागे. पुढच्या बाकावरचे हुशार चिडले. "सर, आमची काय चूक?" "तुमची नाही. चूक माझी आहे. उठा, जागा बदला."

मला कितीतरी दिवस वाटत होतं की मी सापडले नाही. मी मुळात डावखुरी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरी उजव्या हाताचं वळण लावलं होतं, पण डाव्याने मी तितकंच सरळ लिहायचे. सगळ्या वर्गाच्या वेड्यावाकड्या चिठ्ठ्यांमध्ये माझी एकटीची सुवाच्य असणार. निरोपसमारंभाच्या दिवशी तुम्ही मला पेन दिलंत. मी उजवा हात पुढे केला. तुम्ही हसलात आणि पेन माझ्या डाव्या हातात ठेवलंत. घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले होते.

बुधवारी सातही जण आले. पेपर देऊन बाकीचे गेले आणि ती थांबली. "मैडम, ज़ीरो हट जाएगा?"

"हट जाएगा. सॉफ्टवेयर में गड़बड़ थी."

"सातों में?"

"हाँ."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मैडम, वो फीडबैक में नाम तो नहीं आता ना?"

"नहीं आता," मी म्हटलं. तिने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

अहवालात दुसऱ्या पानावर एक ओळ होती : प्रतिसाद देणाऱ्यांची ओळख कोणालाही कळलेली नाही. काल दुपारी जेवणाच्या टेबलावर मी ती ओळ खोडत होते, परत लिहीत होते. माझी मुलगी अकरावीत आहे, तिचं मराठी अर्धं जयपूरचं. ती मागून वाकून म्हणाली, "आई, मतलब तू नावं बघितलीस? मग हे तर झूठ आहे." मी तिला सगळं सांगितलं. "पण ज़ीरो हटला ना तिचा? मग टेन्शन कशाचं घेतेस?" तिला ते इतकं सोपं वाटतं.

टेन्शन याचं, सर, की तुम्हीही ओळखलं होतं आणि मीही ओळखलं, आणि या दोन गोष्टी सारख्या आहेत असं मी चार दिवस स्वतःला समजावत होते. त्या सारख्या नाहीत. माझी चिठ्ठी तुम्हाला नुसती दिसली. मी शोधून काढलं. आणि शोधायची गरजच नव्हती. सात तुकडे, प्रत्येकी दहा सेकंद. नाव न बघताही ती म्हातारी मला सापडली असती.

शेवटी ती ओळ मी काढली. तिच्या जागी लिहिलं की नावांचा रकाना उघडता येतो, अहवाल तयार करताना मी तो उघडला, आणि पुढच्या वेळी फाइल कोणाच्याही हाती देण्याआधी तो पुसून टाकावा. सोमवारी हे सगळ्यांसमोर वाचायचं आहे. आणि त्या मुलीला मी जे सांगितलं ते अजून तसंच आहे. ते कसं दुरुस्त करायचं मला माहीत नाही. खरं सांगायचा धीर मला आहे, पण ते ऐकून तिला जी भीती वाटेल ती मी कुठे नेऊन ठेवू?

हे पत्र डायरीतच राहणार. तरी एक सांगते. फाइल पुसण्याआधी, आज सकाळी, मी तो रकाना पुन्हा एकदा उघडला. चौदावा प्रश्न होता, शिक्षक तुमचं ऐकून घेतात का. त्यापुढे तिने किती दिले आहेत ते मला पाहायचं होतं. पाच दिले आहेत. वीस वर्षं मी आकडे वाचते आहे, सर, आणि हा पाच मला वाचता येत नाही.