ओझूच्या किल्ल्यातला उभा जिना

प्रिय कियो,

तुझ्या माहेरी, ओझूला, सुखरूप पोचलो. थंडी बेताची आहे. तुझी कंबर कशी आहे? आणि ते मांजर माझ्या अंथरुणावर झोपत नाही ना?

आज नव्याने उभारलेला किल्ला पाहिला. जुन्यासारखाच, सगळा लाकडाचा. आणि दाखवायला कोण, तर जुन्या सामुराईसारखं चिलखत चढवलेला शिगेहारू! माझ्याआधी तुला बघायला आला होता, तोच. केस अजून काळेभोर आहेत, रंगवत असणार.

दाराशी बूट काढले तर म्हणतो, "तोमेकिचीसान, पायमोजेही काढा. जिना उभा आहे, घसराल."

"हे कापडी मोजे माझ्या बायकोने शिवलेत," मी ठणकावलं आणि तसाच चढलो. अर्ध्यावरून घसरलो तो थेट त्याच्या अंगावर. गुडघा थोडा खरचटलाय, काळजी नको.

मला सावरता सावरता त्याने हळूच विचारलं, "कियोसान मजेत आहेत ना?"

"माझ्याकडे अगदी सुखात आहे!" मी ताडकन सांगून टाकलं. मग वरच्या मजल्यावरून सगळे तुमची नदी बघत होते, माझं मात्र लक्ष लागेना. त्याला मी ठासून सांगितलं खरं, पण तुझ्या तोंडून ते कधी ऐकलेलं नाही. आहेस ना गं? तेवढं उलट टपाली कळव.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
तोमेकिची